खुर्चीला समजावून सांगा

नियम एकच होता. जे तुम्हाला आत्ता समजावलं, ते आता त्या रिकाम्या खुर्चीला समजावून सांगायचं. आपल्या शब्दांत. खुर्चीत घरचं कुणी बसलंय असं धरून चालायचं. खुर्चीला कळलं, म्हणजे तुम्हाला कळलं.

हा नियम बाईंनी स्वतः काढला होता. मनोविकारांच्या हॉस्पिटलात त्यांची खोली औषधांच्या खिडकीमागे होती: एक टेबल, चार खुर्च्या, कागदी रुमालांचा डबा आणि कधीकाळी थांबलेलं, सेल बदलायचं राहून गेलेलं घड्याळ. उपचार सुरू व्हायच्या आधी पेशंटला इथे पाठवत. आजार काय आहे, त्यावर कोणकोणते उपचार आहेत, कशाचा काय त्रास होतो, आणि नकोच म्हणायचं असेल तर पुढे काय, हे सगळं बाई सांगत. सफाईच्या मावशींनी त्यांचं नाव 'समजावणबाई' पाडलं होतं आणि ते डॉक्टरांच्याही तोंडी बसलं होतं.

माणसं नुसती मान डोलवतात, ही बाईंची जुनी तक्रार. डॉक्टर बोलले की हो, नर्स बोलली की हो, आणि दाराबाहेर पडल्या पडल्या, "काय म्हणाले गं ते?" म्हणून इथे मान डोलवायला बंदी. खुर्चीशी बोला.

सुरुवातीला सगळे लाजत, मग रंगत. एका पोस्टमननं "मध्ये मध्ये बोलू नकोस, आधी ऐक" हे बायकोला जन्मात न म्हणता आलेलं वाक्य खुर्चीला खणखणीत आवाजात सुनावलं होतं. एक आजीबाई तिच्यावर ओरडल्या होत्या, "पाय खाली घे आधी!" बाई हसत. खुर्ची तपकिरी रेक्झिनची होती, एका हातावर चिकटपट्टी लावलेली. तिच्यात कुणी बसायचं नाही, एवढं बाई कटाक्षानं पाळत. फाइलसुद्धा ठेवू देत नसत.

खुर्ची कधीपासून बोलायला लागली ते सांगता येणार नाही. बाईंना ते कळलं एका मंगळवारी.

पण त्याआधी घरचं सांगायला हवं.

घरी

घरी त्या बाई नव्हत्या. घरी त्या ठमी होत्या, आणि ठमी म्हणणारं माणूस जगात एकच उरलं होतं. ताई.

ताई पुष्कळ मोठी. आई गेल्यावर ठमीच्या वेण्या तिनं घातल्या, शाळेतल्या सभांना तीच गेली, लग्नाचं विचारायला आलेल्यांना "आधी आमच्या ठमीचं शिक्षण होऊ दे" म्हणून तिनंच वाटेला लावलं. नोकरी टेलिफोन खात्यात, चौकशीच्या फोनवर. कानाला यंत्र, ओठांशी माईक आणि समोर भिंत. न दिसणाऱ्या माणसांना समजावून सांगण्यात तिचं सगळं आयुष्य गेलं. "बोला, ऐकतेय," हे तिचं वाक्य. ते इतकं अंगवळणी पडलं होतं की घरी दार वाजलं तरी ती आतून म्हणायची, "बोला, ऐकतेय," आणि दूधवाला म्हणायचा, "ताई, फोन नाही, मी आहे."

नोकरी संपली आणि ताई आटत गेली. आधी शेजारपाजार सुटला, मग रेडिओ, मग आंघोळ, मग जेवण. आता ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. बोलत नव्हती. तिचा हात उचलून सोडला तर तसाच हवेत राहायचा, कुणी टांगून ठेवल्यासारखा. चमच्यानं पाणी घातलं तर गिळायची. कधी तेही ओठांच्या कडेनं परत यायचं. दिवसा एक नर्स येऊन बसायची. बाकीचा वेळ ठमी.

मोठे डॉक्टर घरी येऊन तपासून गेले.

"गोळ्यांनी फरक पडेल, पण तो पडेपर्यंत ह्यांच्या अंगात काय उरेल? विजेचे उपचार करू. आता तुम्हाला मी काय समजावणार!"

"तिनं हो म्हणायला हवं, सर."

"म्हणाल्या तर उत्तमच. बोलल्याच नाहीत तर जवळच्या म्हणून तुम्ही सही करायची. शुक्रवारी सकाळी गाडी पाठवतो. त्यापुढे मी थांबणार नाही, आणि तुम्हीही थांबू नका."

सही. "त्याला काय कळतंय, आणा इकडे, मी करतो सही," असं म्हणणाऱ्या किती नातेवाइकांना बाईंनी खोलीबाहेर बसवलं होतं. आता पेन त्यांच्याच हातात येणार होतं. त्यांना ताईचं 'हो' हवं होतं. तिच्या तोंडून, तिच्या शब्दांत, गाडी यायच्या आत. नाहीतर शुक्रवारी ताईला उचलून न्यायचं, जसं सामान नेतात.

त्यांनी सांगून पाहिलं. उशाशी बसून, चित्रं काढून, एकच गोष्ट चार तऱ्हांनी. ताई भिंतीकडे बघत राहिली. जिनं ठमीला मुळाक्षरं समजावली, तिला समजावणं ठमीला काही केल्या जमेना.

गोळ्या

मंगळवारी ट्रकवाला आला. धिप्पाड माणूस, पण पुलावर गाडी चढली की ह्याची छाती धडधडायची, तळवे भिजायचे, आता मेलोच असं वाटायचं. हृदयाच्या डॉक्टरांनी "हृदय ठणठणीत आहे" सांगून इकडे धाडला होता. बाईंनी त्याला घबराटीचा आजार समजावला. त्यावर गोळ्या आहेत, बोलण्याचे उपचार आहेत, दोन्ही मिळूनही करतात. मग त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खुर्चीकडे वळला.

ट्रकवाला : हे बघा, मला वेडबीड लागलेलं नाही. भोंगा बिघडलाय. समोर कुणी नसताना वाजतो. गोळीनं तो हळूहळू गप्प होतो. लगेच नाही, काही आठवडे जातात. सुरुवातीला पोटात ढवळतं, ते जातं. तेवढ्यावरून गोळी फेकून द्यायची नाही.

खुर्ची :

ट्रकवाला : नाही हो, जन्माची चिकटत नाही. पण आपल्या मनानं बंदही करायची नाही. उतारावर एकदम ब्रेक मारला तर मागचा माल पुढे येतो ना, तसं. डॉक्टर सांगतील तशी कमी करायची.

खुर्ची :

ट्रकवाला : ते मला नाही माहीत. विचारून सांगतो.

तो बाईंकडे वळला. "मॅडम, ह्या विचारतायत, ज्याला गिळायचाच कंटाळा आलाय त्याला गोळीचा काय उपयोग?"

बाई मनातल्या मनात खूश झाल्या. आपल्या मनातला प्रश्न दुसऱ्याच्या तोंडी घालणं माणसाला सोपं जातं. खुर्ची त्यासाठीच तर होती.

"तुमच्या मिसेस विचारतायत वाटतं?"

"मिसेस कसली! ती मला 'बोला, ऐकतेय' म्हणेल होय? ती 'काय ते बोल एकदाचं' म्हणणार." तो हसला. "ह्या कुणी मोठ्या बाई आहेत. मी वळलो तशा म्हणाल्या, बोला, ऐकतेय. फोनवर म्हणतात ना, तसं."

"डॉक्टरांना विचारते," एवढंच त्या म्हणाल्या. ट्रकवाला टोपी घालून उठला, दारातून मागे वळून त्यानं खुर्चीला "येतो" म्हणून मान लववली, आणि गेला.

बाई एकट्याच बसून राहिल्या. खुर्चीचं रेक्झिन बघत. कुणी उठून गेलं की गादी हळूहळू फुगते, आवाज न करता, तसं ते फुगत होतं.

बोलणं

"काय तरी खिळा ढिला झाला असेल खुर्चीचा," मावशी म्हणाल्या. "जुनी झालीय. बदलून घ्या."

बाईंनी बदलली नाही.

बुधवारी टेलरबाई आली, सासूला घेऊन. हाताला सोनं लागल्यासारखं शिवायची, पण शिवलेलं उसवायची. टीप सरळ असली तरी वाकडी वाटायची, उसवून परत घालायची, परत उसवायची, कापडाची चाळण होईपर्यंत. गिऱ्हाइकं तुटायला लागली होती. तिच्यासाठी गोळ्या होत्या आणि बोलण्याचे उपचार होते. बाईंनी दोन्ही समजावले. आणि समजावताना आपण टेलरबाईकडे कमी आणि खुर्चीकडे जास्त बघतोय, हे त्यांना कळत होतं.

टेलरबाई : बोलण्याचे उपचार म्हणजे नुसत्या गप्पा नाहीत. धडे असतात. उसवावंसं वाटेल, पण उसवायचं नाही. वाकडी टीप तशीच राहू द्यायची. आधी रुमालाची, मग अभ्र्याची, मग ब्लाउजची. जीव खालीवर होईल, पण थांबलं तर आपोआप निवतो. शिकवणारं माणूस सोबत असतं.

सासूबाई (खऱ्या, कोपऱ्यातून) : आणि गिऱ्हाईक काय वाकडी टीप घालून मिरवणार?

टेलरबाई : तुम्ही थांबा हो, मी ह्यांच्याशी बोलतेय.

खुर्ची :

टेलरबाई : हो, बोलावं लागतंच. न बोलता कसं होईल?

खुर्ची :

टेलरबाईनं डोळे मिटून घेतले. "बाई, आधी ह्यांच्या स्वेटरची बटणं नीट लावा हो. एक सोडून लावलीत. खालचं काज रिकामंच राहिलंय. मला बघवत नाही."

"काय म्हणतायत त्या?" बाईंचा आवाज त्यांनाच ओळखू आला नाही.

"म्हणतात, गोळ्यांचं ट्रकवाल्यानं सांगितलं. बोलण्याचं आत्ता कळलं. पण ज्याचं बोलणंच बुडालंय त्यानं काय करायचं? पुढचं सांगा म्हणतात."

पुढचं म्हणजे वीज. ती टेलरबाईसाठी नव्हती. तिच्या आजारात तिचा विषयच नव्हता. हे बाईंना झोपेतही ठाऊक होतं. समजावण्याच्या धंद्यात एक पथ्य असतं: ज्याचा उपचार त्यालाच सांगायचा, दुसऱ्याचा त्याच्या डोक्यात घालायचा नाही. पण शुक्रवार दारात उभा होता, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी 'पुढचं सांगा' म्हटलं होतं.

बाईंनी सांगायला घेतलं. "आधी झोपेचं इंजेक्शन देतात. अंग सैल पडायचं औषध देतात. मग डोक्याला दोन्हीकडून अगदी थोडी वीज..." त्यांचा आवाज घरचा झाला होता, मऊ, लाडीगोडीचा. "घाबरायचं नाही. तुला काही कळणारसुद्धा नाही. मी बाहेरच..."

"अगंबाई!" सासूबाई उठून उभ्या राहिल्या. "माझ्या सुनेला शॉक देणार? टीप उसवते म्हणून शॉक?"

टेलरबाईचा चेहरा पांढरा पडला होता. पर्स छातीशी धरून ती भिंतीला टेकली होती.

"नाही, नाही, तुम्हाला नाही. तुम्हाला त्याची मुळीच गरज नाही."

"मग कुणाला सांगत होतात?"

बाईंनी माफी मागितली, पाणी दिलं, सगळं पहिल्यापासून परत समजावलं, ह्या वेळी खुर्चीकडे पाठ करून. टेलरबाई हळूहळू सावरली. पुढच्या आठवड्यात धडे सुरू करायला तयार झाली. जाताना मात्र बाईंच्या कानाशी येऊन म्हणाली, "त्या म्हणाल्या, अर्धंच सांगितलं. त्रास काय होतो ते गाळलं. एरवी सांगता ना सगळ्यांना?"

संध्याकाळी घरी पोचल्यावर बाईंनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगात राखाडी स्वेटर. सकाळी घाईत बाईंनीच घातलेला. त्यांनी पांघरूण बाजूला केलं.

बटणं एक सोडून लावलेली होती. खालचं काज रिकामं.

"तशाच आहेत सकाळपासून," नर्स म्हणाली. "कूससुद्धा बदलली नाही. का हो?"

"काही नाही," म्हणून बाईंनी एकेक बटण काढून परत लावलं. ताईचं अंग गार होतं. बाहेरून नुकतंच आल्यासारखं गार.

वीज

गुरुवारी मास्तर आले. गणिताचे निवृत्त मास्तर, चेहरा पडलेला, पण शर्ट कडक इस्त्रीचा. उदासीच्या आजारानं दुसऱ्यांदा गाठलं होतं. मागच्या वेळी विजेच्या उपचारांनी बरे झाले होते, आताही डॉक्टरांनी तेच सुचवलं होतं. बाई बोलायला लागणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"मला काय शिकवता? मी परीक्षा देऊन पास झालोय. कुणाला सांगायचंय? ह्यांना ना?"

आणि त्यांनी खुर्ची स्वतःकडे वळवून घेतली. ती वळताना जड असल्यासारखी फरशीवर घासली.

मास्तर : नमस्कार. आधी भीतीचं सांगतो, कारण तुमच्या तोंडावर ती दिसतेय. मी पण घाबरलो होतो. दिसतं भयंकर, ऐकायलाही भयंकर, असतं मात्र साधं. उपाशीपोटी नेतात. हाताला सुई. तुम्ही मनात पाढा म्हणायला घ्यायचा, पूर्ण होत नाही, त्याआधीच झोप लागते. वीज देतात तेव्हा तुम्ही नसताच तिथे.

खुर्ची :

मास्तर : उठल्यावर डोकं जड. जबडा दुखतो. मी कुठे आहे, हे कळायला वेळ लागतो. नर्स सांगते. एकदा करून भागत नाही, काही आठवडे जावं लागतं. आणि नको वाटलं तर मध्येच नको म्हणता येतं. माझ्या शेजारच्या खाटेवरचा म्हणाला होता. कुणी रागावलं नाही त्याच्यावर.

खुर्ची :

मास्तरांनी शर्टाची बाही सारखी केली.

मास्तर : आठवणी, होय. तेही सांगतो, लपवणार नाही. त्या दिवसांतलं बरंच पुसलं गेलं. फळ्यावर ओला फडका फिरवल्यासारखं. नातीचा वाढदिवस झाला म्हणतात. फोटोत मी आहे, डोक्यावर कागदी टोपी, हसतोय. मला तो दिवस आठवत नाही. पाढे मात्र सगळे शाबूत. आणि नात आहे. दिवस गेला, नात आहे. मला हिशेब परवडला.

खुर्ची :

मास्तर : ते मला कसं सांगता येईल? थांबा हं.

ते बाईंकडे वळले. "ठमी कोण?"

बाईंनी टेबलाची कड धरली. ह्या इमारतीत ते नाव कुणाला माहीत नव्हतं.

"का?"

"ह्या विचारतायत, त्या पुसण्यात ठमी जाईल का?"

थांबलेल्या घड्याळाखाली, खुर्चीच्या हातावरच्या चिकटपट्टीचं टोक आपोआप वर उचललं जात होतं आणि परत बसत होतं. कुणीतरी नखानं चाळा करावा तसं. ताईची सवय. फोनवर बोलताना टेबलाच्या पट्टीशी तिचं नख असंच चाले.

"नाही जाणार" असं म्हणणं किती सोपं होतं. 'हो' लगेच मिळालं असतं.

"जवळच्या काळातलं जातं," त्या सरळ खुर्चीला म्हणाल्या. "जुनं बहुतेक राहतं. गेलेल्यातलंही पुष्कळ हळूहळू परत येतं. पण सगळं येतंच असं नाही. ठमी जाणार नाही असं मला वाटतं. खात्री... खात्री नाही मला देता येत."

मास्तरांनी कान देऊन ऐकलं. मग म्हणाले, "बरं म्हणाल्या. म्हणाल्या, हे पहिल्यांदाच खरं सांगितलं." आणि त्यांनी एकदम आपले पाय खुर्चीखाली आवरून घेतले, अडचणीच्या जागेतून कुणाला वाट द्यावी तसे. त्यांची नजर दारापर्यंत गेली.

"गेल्या?" बाईंनी विचारलं.

"हो. घाईत होत्या."

दार अर्धवट उघडं होतं. मावशी बाहेर फरशी पुसत होत्या. ओल्या फरशीवर एकही पाऊल नव्हतं, पण मावशींनी कमरेवर हात ठेवून जिन्याकडे बघत म्हटलं, "पुसू तर द्या की हो आधी!"

घरी

बाईंनी ती खुर्ची टॅक्सीत घालून घरी नेली.

"तिला पण भरती करताय?" मावशींनी विचारलं.

"घरी सोडतेय," बाई म्हणाल्या.

उजेड अजून होता. नर्सला त्यांनी लवकर जाऊ दिलं. ताई भिंतीकडेच बघते, तर तिथेच ठेवायची, म्हणून त्यांनी पलंग ओढून भिंतीशी एक बोळ केला आणि त्यात खुर्ची घुसवली, ताईच्या डोळ्यांसमोर. मग वाट पाहिली. ताई खुर्चीकडे बघत होती, म्हणजे भिंतीकडे बघायची तशीच बघत होती. पापणी हलत होती, बाकी काही नाही.

"ताई, उद्या सकाळी गाडी येणार आहे गं."

काही नाही. बाईंनी परत सगळं सांगायला घेतलं. झोपेचं इंजेक्शन, थोडी वीज. मध्येच त्यांना आपल्याच आवाजाचा कंटाळा आला. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि गॅसवर दूध ठेवून त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. सही करावी लागणार होती. पेन पर्समध्ये होतं.

तेवढ्यात खोलीतून आवाज आला. गंजलेला, खरखरीत, पण पट्टीतला.

ताई : बोला, ऐकतेय.

खुर्ची :

ताई : अगंबाई, तू होय! ये, बस. केवढी दमलेली दिसतेस.

बाई दारात आल्या. हातात सांडशी तशीच. ताई उशीला टेकून बसली होती. खुर्चीकडे झुकून बोलत होती, कानामागे बोट ठेवून, यंत्र नीट बसवतात तसं.

ताई : गोळ्यांचं कळलं मला. भोंगा गप्प होतो, पण वेळ लागतो. माझ्याकडे वेळ नाही म्हणतात. बोलायचं तर जमत नव्हतं. राहिली वीज.

खुर्ची :

ताई : छे, तसं काही नसतं. पाढा म्हणायचा, तो पुरा होत नाही म्हणे. मी बेचा घेईन, तुला पाठ होत नव्हता तो. आठवतं? रडून घर डोक्यावर घेतलं होतंस.

खुर्ची :

ताई हसली. बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "ताई!" त्या धावत पलंगाशी गेल्या. "ताई, मी इथे आहे गं, इकडे बघ!"

ताईनं बघितलं. ओळख नसलेल्या माणसाकडे बघतात तसं, अदबीनं.

"बाई, जरा बाजूला होता का? बहिणीशी बोलतेय."

आणि मान वाकडी करून ती त्यांच्याआडून खुर्चीकडे बघू लागली. तिथे कोण बसलं होतं ते बाईंना दिसत नव्हतं. पण ताईच्या नजरेची उंची दिसत होती. समोर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत बघावं, अगदी तेवढी. बाईंच्याच उंचीच्या.

ताईचं 'हो' येणार होतं. आत्ता, ह्या खोलीत. आणि ते दुसऱ्याच कुणाला मिळणार होतं.

इतक्या वर्षांत त्या खुर्चीत कुणाला बसू दिलं नव्हतं. बाईंनी सांडशी पलंगावर टाकली, अंग चोरून बोळात शिरल्या, क्षणभर थांबल्या, कारण बसायचं म्हणजे कुणाच्या तरी मांडीत बसायचं होतं, आणि डोळे घट्ट मिटून बसल्या.

गादी उबदार होती. नुकतंच कुणी उठल्यासारखी.

खुर्ची : बोला, ऐकतेय.

ताई : चोरटे! माझं वाक्य मलाच ऐकवतेस?

खुर्ची : काय ठरवलंस ताई?

ताई : जाईन. उद्या गाडी आली की जाईन. झोपवतील, वीज देतील, उठवतील. डोकं दुखेल, जबडा दुखेल. आपण आत्ता बसलोय हे कदाचित जाईल. गेलं तर तू ध्यानात ठेव. आणि नको वाटलं तर मी मध्येच नको म्हणेन. तेव्हा मला सहीबिही दाखवायची नाही.

खुर्ची : नाही दाखवणार.

ताई : ठमी राहील ना गं?

खुर्ची : माहीत नाही, ताई. नाहीच राहिली तर रोज सकाळी येऊन सांगेन, मी ठमी.

ताई : मग चालेल. हो.

तिनं हात पुढे केला. तो हवेत अडकला नाही. ठमीच्या मनगटावर येऊन बसला, ऊन, जड, पकड असलेला. दोघी तशाच बसून राहिल्या. खिडकीतला उजेड पिवळा होत गेला.

"त्या बाई गेल्या का?" ताईनं हळूच विचारलं.

"कोण?"

"त्या गं, समजावणाऱ्या. किती दिवस उशाशी बसून बोलत होत्या. चांगल्या आहेत बिचाऱ्या. पण ऐकून म्हणून घ्यायच्या नाहीत."

ठमीनं दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. पलंगावर सांडशीही नव्हती.

स्वयंपाकघरात दूध वर चढल्याचा आवाज आला, कडेवरून सांडायच्या आधीचा तो घाईचा फसफसाट. ठमी उठायला गेली.

"तू बस," ताईनं मनगट सोडलं नाही. "त्या बघतील."

आत गॅसचं बटण खट्कन बंद झालं, आणि फसफसाट थांबला.